समुद्रतळावर नवे जीव येतात कुठून? केल्प आणि अपृष्ठवंशी प्राण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडकाळ समुद्रतळाचं चित्र पाहताना नजर मोठ्या जिवांवर जाते: पाण्यात डोलणारं केल्प नावाचं मोठं शैवाल, काटेरी अर्चिन, खडकाला चिकटलेले कवचधारी बार्नेकल आणि शिंपले, स्पंज, तारामासे. मला विचारले जाणारे प्रश्नही बहुधा यांच्याबद्दलच असतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक जीव कधीतरी डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा कण होता आणि पाण्याबरोबर वाहत इथे आला होता. तो कधी आला, किती जणांबरोबर आला, पहिले काही दिवस कसा तगला, हे कळल्याशिवाय मोठ्यांचं गणित सुटत नाही. म्हणून खालची बरीचशी उत्तरं त्या लहानग्यांकडे वळतात.

'नवभरती' म्हणजे नेमकं काय?

लहान अवस्थेतला जीव एखाद्या ठिकाणी येऊन बसला, तिथे काही काळ जगला आणि मोजदादीत सापडला, की ती त्या ठिकाणची नवभरती. नुसतं 'भरती' म्हटलं तर समुद्राच्या गोष्टीत भरती-ओहोटीशी गफलत होते, म्हणून हा शब्द.

येऊन बसणं आणि नवभरती हे वेगळं का मोजायचं?

कारण या दोन्हींच्या मध्ये प्रचंड मरण आहे. खडकाच्या लहानशा तुकड्यावर काही दिवसांत शेकडो बार्नेकल बसू शकतात आणि महिन्याभराने त्यातले मोजकेच उरलेले असू शकतात. कुणी उन्हाने सुकतं, कुणी गाळाखाली दबतं, कुणी चरणाऱ्या गोगलगायींच्या तोंडी खरवडून जातं, तर कुणी वाढत्या शेजाऱ्याखाली चिरडतं. तुम्ही महिन्यातून एकदाच पाहायला गेलात, तर 'इथे कमी आले' आणि 'आले भरपूर, पण मेले' या दोन अगदी निराळ्या गोष्टी तुम्हाला सारख्याच दिसतील. पहिलीचं कारण वरच्या पाण्यात किंवा दूरच्या प्रौढांमध्ये शोधावं लागतं, दुसरीचं याच खडकावर. किती दिवसांनी मोजलं हे न सांगता कुणी नवभरतीचा आकडा दिला, तर त्यावर मी विसंबत नाही.

खडकाला चिकटलेले प्राणी पसरतात कसे?

डिंभ, म्हणजे लार्व्हा, या अवस्थेत. डिंभ प्रौढासारखा मुळीच दिसत नाही. अर्चिनचा डिंभ काचेच्या काड्यांवर ताणलेल्या चिमुकल्या तंबूसारखा असतो. बार्नेकलचा डिंभ पाय मारत पोहतो, आणि तो पाहिला की बार्नेकल हे खेकडे-कोळंबीचे नातलग आहेत हे लगेच पटतं. अ‍ॅसिडियन हा प्रौढपणी पाण्याची पिशवी वाटावा असा प्राणी, पण त्याच्या डिंभाला बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी असते.

प्रत्येकाचा प्रवासाचा काळ वेगळा. अ‍ॅसिडियनचे डिंभ बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत बसतात. लाल अबॅलोन या मोठ्या सागरी गोगलगायीचे डिंभ अंड्यातल्या पिवळ्या बलकावर साधारण आठवडाभर काढतात. अर्चिनचे डिंभ वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं, खात कित्येक आठवडे, कधी महिनेही पाण्यात राहतात. दक्षिणेकडच्या जॅसस वंशाच्या शेवंड्यांचे पानासारखे चपटे डिंभ तर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ खुल्या समुद्रात फिरतात.

जितके दिवस पाण्यात तितका प्रवास लांब, हे सूत्र ढोबळ आहे. वरच्या थरातलं पाणी समुद्राकडे जात असताना खालचं किनाऱ्याकडे येत असतं, आणि अनेक डिंभ वरखाली होऊन हवा तो थर पकडतात. त्यामुळे महिनाभर तरंगूनही जन्मस्थानापासून फार दूर न गेलेले डिंभ असतात. त्यांना निव्वळ धुळीचे कण समजणं चूक आहे.

डिंभ जागा निवडतो, की पडेल तिथे बसतो?

निवडतो, आणि हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

बार्नेकलचंच पाहा. सहा टप्पे पोहत काढल्यावर त्याचा डिंभ 'सायप्रिस' या शेवटच्या रूपात येतो. आता तो खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतो. एकच काम उरलेलं असतं: जागा शोधणं. समोरच्या दोन स्पर्शिकांवर तो खडकावर अक्षरशः चालतो, थांबतो, वळतो, न आवडल्यास उडून पुन्हा पोहू लागतो. स्वजातीच्या प्रौढांच्या कवचातलं प्रथिन त्याला 'इथे आपली माणसं आहेत' असं सांगतं. दुसरा सायप्रिस चालून गेला असेल तर त्याच्या पावलांचा चिकट ठसाही तो ओळखतो. एवढी काळजी घेण्याला कारण आहे. एकदा डोकं खाली करून सिमेंटने चिकटलं, की जन्मात हलणं नाही, आणि बहुतेक बार्नेकलना मीलनासाठी शेजारी अगदी जवळ लागतो. शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब शिश्न बार्नेकलचं असतं, ते याच अडचणीमुळे.

इतरांच्या खुणा निराळ्या. गुलाबी रंगाची, चुन्याच्या लेपासारखी दिसणारी कोरलाइन शैवालं अबॅलोनच्या आणि कित्येक अर्चिनच्या डिंभांना खाली ओढतात. आपल्या मेंदूत संदेशवाहकाचं काम करणारं गॅबा हे रसायन पाण्यात मिसळलं तरी लाल अबॅलोनचे डिंभ बसू लागतात, हे 1979 मध्ये प्रयोगातून पुढे आलं. हायड्रॉइडिस एलेगन्स या नळीत राहणाऱ्या कृमीच्या डिंभांना जिवाणूंचा थर लागतो. 2014 मध्ये दिसलं की एका जिवाणूने तयार केलेल्या, विषाणूच्या शेपटीसारख्या सूक्ष्म रचनांमुळे त्यांचं रूपांतर सुरू होतं. स्वच्छ घासलेल्या खडकावर म्हणूनच पहिले काही दिवस फारसं कुणी बसत नाही. आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढावा लागतो.

केल्प ही वनस्पती आहे का?

नाही. ते तपकिरी शैवाल आहे. प्रकाशसंश्लेषण करतं, पण वंशावळीत जमिनीवरच्या झाडांपेक्षा डायटम या एकपेशीय सूक्ष्म शैवालांना जवळचं. जे मुळासारखं दिसतं ते होल्डफास्ट: नुसती पकड, अन्नपाणी शोषण्याचं मूळ नव्हे. ते काम पूर्ण अंग करतं.

मग केल्पची नवी पिढी येते कशी?

केल्पच्या आयुष्यात दोन अगदी वेगळ्या पिढ्या आळीपाळीने येतात. एक दिसते आणि एक दिसत नाही.

दिसते ती मोठी पिढी. महाकाय केल्प, म्हणजे मॅक्रोसिस्टिस पायरीफेरा, 30 मीटरहून उंच वाढतं आणि उत्तम परिस्थितीत त्याची वाढ दिवसाला अर्धा मीटरच्या आसपास जाते. या पिढीच्या पात्यांवर बीजाणू तयार होतात. चाबकासारख्या दोन शेपट्यांनी पोहणारे हे बीजाणू खाली पडतात, खडकाला चिकटतात आणि त्यांच्यापासून सूक्ष्म नर आणि मादी गॅमेटोफाइट उगवतात. ही ती न दिसणारी पिढी: भिंगाखालीच दिसणारे पेशींचे धागे. मादीने अंडं बाहेर काढलं की त्याबरोबर लॅमॉक्सिरीन हे रसायन सुटतं. त्याने नर आपले शुक्राणू सोडतात आणि ते वासाच्या मागे अंड्याकडे जातात. फलन झालं की नव्या मोठ्या केल्पची सुरुवात.

हे सगळं जुळायला नर आणि मादी एकमेकांपासून सुमारे 1 मिलिमीटरच्या आत बसलेले हवेत. बीजाणू कोट्यवधी सुटतात, पण पाण्यात पांगले की इतकी दाटी राहत नाही. एकटा बीजाणू शेकडो मीटर जाऊन खडकाला चिकटला, तरी जोडीदार नसेल तर त्याचा वंश तिथेच संपतो. त्यामुळे केल्पची नवभरती बहुधा जुन्या केल्पच्या आसपासच होते. मोठी जंगलं एकाच वेळी भरपूर बीजाणू सोडतात तेव्हा पल्ला वाढतो, आणि वादळात उपटलेलं, फुग्यांमुळे तरंगणारं केल्प वाहत जाता जाता बीजाणू टाकतं, तोही एक मार्ग आहे.

गॅमेटोफाइटना थांबताही येतं. उजेड किंवा पोषकद्रव्यं कमी असली तर ते काही काळ तसेच पडून राहतात. अंडी आणि शुक्राणू तयार व्हायला निळा प्रकाश आणि लोह लागतं. खडक उघडा दिसतो तेव्हा त्यावर केल्पची न उगवलेली पिढी बसलेली असू शकते.

मोठ्या केल्पखाली लहान केल्प का दिसत नाही?

सावली. वरचा पसारा इतका उजेड अडवतो की खालची रोपं जागच्या जागी थांबतात. वादळाने वरचं केल्प उपटलं की तळाशी ऊन पोचतं आणि काही महिन्यांत तिथे रोपांची गर्दी होते. वादळानंतरचं जंगल मेलेलं दिसलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका.

केल्प असलं की प्राण्यांची नवभरती वाढते की घटते?

दोन्ही. कोणता प्राणी आणि खडकाची कोणती बाजू, यावर उत्तर बदलतं.

वाढते ती अशी. स्पंज, अ‍ॅसिडियन, ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे चिमुकले प्राणी) यांची खालच्या बुटक्या शैवालांशी जागेसाठी स्पर्धा असते. केल्पची सावली पडली की ती शैवालं मागे हटतात आणि प्राण्यांना खडक मिळतो. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या दीर्घकालीन निरीक्षणांत हेच दिसलं: जिथे महाकाय केल्प दाट तिथे बुटकी शैवालं कमी आणि पाणी गाळून खाणारे बैठे प्राणी जास्त. शिवाय होल्डफास्टच्या फटींमध्ये कृमी, लहान खेकडे, तारामाशांचे नातलग असलेले ठिसूळ तारे यांची वस्तीच असते. एक होल्डफास्ट उकलून मोजायला बसलात तर दिवस पुरत नाही.

घटते ती अशी. केल्पच्या जंगलात राहणारी लहान रॉकफिश वाहत येणारे डिंभ खातात. 1980 च्या दशकात मध्य कॅलिफोर्नियात बार्नेकलवर काम करणाऱ्यांना आढळलं की समोर केल्प आणि त्यातले मासे भरपूर असताना किनाऱ्याच्या खडकापर्यंत फार कमी डिंभ पोचत. किनाऱ्यावरच्या खडकाचं नशीब असं समोरच्या पाण्यात ठरत होतं.

उलट दिशेनेही परिणाम होतो. मेम्ब्रनिपोरा हा ब्रायोझोआ केल्पच्या पात्यांवर जाळीदार पांढरा थर चढवतो. पाणी कोमट असलं की त्याचे डिंभ लवकर आणि जास्त संख्येने बसतात. थराखालची पाती ठिसूळ होऊन लाटांनी तुटतात. वायव्य अटलांटिकमध्ये हा प्राणी बाहेरून आला, आणि कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर त्याने केल्पची मोठी हानी केली. लहानशा प्राण्याच्या एका चांगल्या हंगामाने अख्ख्या जंगलाचं छत फाटतं.

जागेच्या भांडणात कोण जिंकतं, हे कसं कळलं?

खडकावर हाताने बदल करून. जोसेफ कॉनेल यांनी 1950 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या कंब्री बेटावर बार्नेकलच्या दोन जाती पाहिल्या: वरच्या पट्ट्यात छोटा थॅमॅलस, खाली दांडगा बॅलॅनस. थॅमॅलसचे डिंभ खालीही बसत, पण तिथे प्रौढ सापडत नसत. कॉनेल यांनी काही जागांवरून बॅलॅनस सतत काढून टाकले, तेव्हा थॅमॅलस खालीही जगले. बॅलॅनस वाढताना त्यांना दाबून, उचकटून टाकत होते. 1961 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या मुक्कॉ उपसागरातल्या खडकावरून पिसॅस्टर हे तारामासे काढून समुद्रात फेकायला सुरुवात केली. 1966 च्या लेखात त्यांनी सांगितलं की त्या जागेवरच्या 15 जातींपैकी 8 उरल्या. तारामासा शिंपले खात होता म्हणून इतरांना जागा होती. अशा जिवासाठी त्यांनी 1969 मध्ये 'कीस्टोन' हा शब्द वापरला: कमानीतला मधला दगड, काढला की कमान ढासळते.

म्हणजे स्पर्धा आणि भक्षक हेच मुख्य?

कॉनेल आणि पेन यांच्या खडकांवर डिंभांचा तुटवडा नव्हता, ही गोष्ट बरेच दिवस नजरेआड राहिली. जिथे दरवर्षी खडक भरून जातो तिथे शेवटी भांडण होणारच. पण जिथे थोडेच येतात तिथे कुणी कुणाला चिकटत नाही आणि भांडणाचा प्रश्नच येत नाही.

जोन रफगार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मॉन्टेरे इथे हाच मुद्दा लावून धरला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारा पृष्ठभागाचं पाणी समुद्राकडे ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. वरच्या थरातले डिंभ त्याबरोबर दूर जातात. वारा पडला की पाणी परत किनाऱ्याकडे येतं आणि काही दिवसांत नव्या बार्नेकलची लाट येते. वारा किती दिवस वाहिला यावर खडकावरची लोकसंख्या ठरू शकते. पुरवठ्याकडून समुदायाकडे पाहण्याच्या या दृष्टीने विषयाचं वळण बदललं. माझं मत विचाराल तर पुरवठा आधी पाहावा आणि भांडण मग. पुरवठाच नसेल तर बाकीचे प्रयोग कशावर करायचे?

अर्चिनची 'ओसाडी' म्हणजे काय, आणि ती हटत का नाही?

अर्चिन केल्प खातात. जंगल निरोगी असताना ते बहुधा फटीत बसून वाहत आलेले तुकडे खातात. तुकडे कमी पडले किंवा भक्षक नाहीसे झाले, की ते बाहेर पडून उभं केल्प बुडापासून कुरतडतात. मागे उरतो तो गुलाबी कोरलाइन शैवालाचा खडक आणि त्यावर अर्चिन. हीच ओसाडी.

अलास्काच्या अ‍ॅल्यूशियन बेटांवर याचा स्पष्ट पुरावा मिळाला. 1974 मध्ये जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी दाखवलं की समुद्री पाणमांजरं असलेल्या बेटांभोवती केल्प होतं, नसलेल्या बेटांभोवती अर्चिन. 1990 च्या दशकात तिथल्या पाणमांजरांची संख्या कोसळली, ओर्का हे शिकारी देवमासे त्यांना खाऊ लागल्याचं दिसलं, आणि अर्चिन परत वाढले.

उत्तर कॅलिफोर्नियात तर संकटं एकामागून एक आली. 2013 पासून तारामाशांचं शरीर झिजवून मारणारा रोग पसरला आणि अर्चिन खाणारा सूर्यफूल तारामासा तिथून जवळजवळ नाहीसा झाला. 2014 ते 2016 मध्ये समुद्रात उष्णतेची लाट आली. कोमट, पोषकद्रव्यं नसलेल्या पाण्यात केल्पची वाढ खुंटली. जांभळे अर्चिन 60 पटींनी वाढले आणि सुमारे 350 किलोमीटर किनाऱ्यावरचं 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. लाल अबॅलोन उपाशी मेले आणि 2018 मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

ओसाडी टिकते याचं कारण अर्चिनच्या शरीरात आहे. खायला नसलं तरी ते मरत नाहीत. आत रिकामे होऊन वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि उगवणारं केल्पचं प्रत्येक रोपटं खातात. कोरलाइन खडक मात्र नव्या अर्चिनच्या डिंभांना बोलावत राहतो. जंगल उद्ध्वस्त व्हायला जितकी अर्चिनची दाटी लागते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शापर्यंत ती उतरली तरच जंगल परत येतं. अर्धे अर्चिन काढून काम अर्धं होत नाही.

टास्मानियाची गोष्ट वेगळी, कारण तिथे सुरुवातच नवभरतीपासून आहे. सेंट्रोस्टेफॅनस हा लांब काट्यांचा अर्चिन मूळचा उत्तरेकडचा. त्याचे डिंभ हिवाळ्यात वाढतात आणि त्यांना साधारण 12 अंश सेल्सियसहून उबदार पाणी लागतं. पूर्व ऑस्ट्रेलिया प्रवाह दक्षिणेकडे सरकला तसे डिंभही आले आणि पाणीही पुरेसं उबदार झालं. 1978 मध्ये तो टास्मानियात पहिल्यांदा नोंदला गेला. त्याला खाऊ शकणाऱ्या मोठ्या शेवंड्या मासेमारीने कमी केल्या होत्या.

तारामाशांच्या रोगाचं कारण सापडलं का?

हो. ऑगस्ट 2025 मध्ये संशोधकांनी सूर्यफूल ताऱ्यातल्या या रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू असल्याचं प्रसिद्ध केलं.

संरक्षण दिलं की सगळं परत येतं का?

कधी कधी, सावकाश. न्यूझीलंडमधलं ली इथलं सागरी अभयारण्य 1975 मध्ये स्थापन झालं. तिथे मोठे स्नॅपर मासे आणि शेवंड्या वाढल्या, अर्चिन घटले आणि केल्पने ओसाड खडक परत घेतले. याला दशकं लागली.

पांढऱ्या अबॅलोनचं मात्र तसं झालं नाही. कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकात त्याची बेसुमार पकड झाली. 1996 मध्ये पकड थांबली, 2001 मध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आलेला पहिला सागरी अपृष्ठवंशी ठरला. तरी संख्या वाढेना. उरलेले प्रौढ एकमेकांपासून इतके दूर होते की पाण्यात सोडलेली अंडी आणि शुक्राणू भेटत नव्हते. प्रौढ जिवंत होते, नवभरती शून्य होती. शेवटी माणसांनी ते टाक्यांमध्ये वाढवले आणि 2019 पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली. मला या प्राण्याबद्दल बोलताना दरवेळी वाईट वाटतं, कारण मोजणारे फक्त प्रौढ मोजत राहिले तर अशी जात बरीच वर्षं 'आहे' असंच दिसत राहतं.

केल्प पुन्हा लावता येतं का?

छोट्या जागांवर, हो. एक पद्धत 'हिरवी खडी' नावाने ओळखली जाते: बारीक दगडांवर प्रयोगशाळेत केल्पची रोपं उगवायची आणि होडीतून समुद्रात टाकायची. होल्डफास्ट वाढून खालच्या खडकाला धरतो. पण अर्चिन तिथेच असतील तर ही मेहनत त्यांच्या पोटात जाते. आधी अर्चिन, मग रोपं.

नवभरती मोजतात कशी?

ठरावीक मापाच्या पाट्या पाण्यात लावून, ठरावीक दिवसांनी काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून. अर्चिनसाठी ताठ केसांचे घासायचे ब्रश टांगतात, कारण त्यांच्या पिल्लांना तसल्या फटी आवडतात. मसल जातीच्या शिंपल्यांसाठी भांडी घासायची प्लास्टिकची जाळीदार गुंडाळी वापरतात. डिंभ तिच्यात अडकून बसतात. खडकावरच्या प्रौढांसाठी चौकटी ठेवून फोटो काढतात आणि तेच ठिकाण दरवर्षी पुन्हा पाहतात.

पाटी कधी पाण्यात गेली हे फार महत्त्वाचं. एका हंगामात आमच्या पाट्या खराब हवामानामुळे उशिरा लागल्या. तोवर बार्नेकलची लाट येऊन गेली होती आणि पाट्यांवर ब्रायोझोआंनी जागा घेतली. शेजारच्या जुन्या पाट्या बार्नेकलनी भरलेल्या होत्या. तोच खडक, तेच पाणी, पण दोन वेगळे समुदाय.

किती वर्षं मोजलं की पुरे?

ज्या प्राण्याबद्दल बोलायचं आहे त्याच्या एका आयुष्याहून जास्त. बुल केल्प बहुधा एका वर्षात उगवून संपतं, त्यामुळे काही वर्षांत चित्र दिसू लागतं. लाल अर्चिन शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याच्यासाठी दहा वर्षांत एखादाच चांगला हंगाम आला तरी लोकसंख्या टिकते, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात तो हंगाम आला नाही तर अहवालात 'नवभरती नाही' असं लिहिलं जातं. पाट्या काढून टाकण्याआधी तो अहवाल लिहिणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं, की खडकावर वेगवेगळ्या मापाचे अर्चिन आहेत की सगळे एकाच मापाचे.